गोड्या पाण्याच्या खेळाचा सातवा नियम

वडिलांचा खेळ छापायचा म्हणजे त्याचे नियम लिहून काढायचे, एवढंच तर होतं. मला वाटलं, एका रविवारचं काम. लहानपणापासून शेकडो वेळा खेळलेला खेळ. नियम काय, डोळे मिटून लिहीन. सहा नियम मी खरंच एका बैठकीत लिहिले. सातव्यानं मात्र दोन महिने रडवलं, आणि मी काही सहज रडणारी बाई नव्हे. माझा राग नाकाच्या शेंड्यावर, असं माय म्हणायची. रडायची पाळी बहुतेक वेळा समोरच्यावर यायची.

तेव्हा मी खामगावात प्राथमिक शाळेत शिकवत होते. महाराष्ट्र नवा नवा होता. शाळेच्या पाटीवर काही वर्षांत राज्याचं हे तिसरं नाव रंगवलं जात होतं, आणि रंगारी एवढा वैतागला होता की ब्रश खाली ठेवून त्यानं मला विचारलं, "बाई, आता हेच राहीन ना पक्कं?" आम्ही बौद्ध झालो त्यालाही पाच-सहा वर्षं झाली होती. घरात शिकून नोकरीला लागलेली मी पहिली. वडील कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात कामाला होते, आणि जिनामागच्या मजुरांच्या लाईनीत आमच्या दोन खोल्या होत्या.

बाबांच्या अंगावरून वारं गेलं ते त्याच्या आदल्या वर्षी. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एका सकाळी गेलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर आठव्या की नवव्या दिवशी तोंडातून एक शब्द आला: "मंग?" माय हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. आम्हाला वाटलं, एक आला, आता दुसराही येईल. दुसरा आला नाही. भूक लागली तरी मंग, पाठीखालची उशी सरकली तरी मंग, मी शाळेतून आले की दारातच मंग. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, जो शब्द माणसानं जन्मभर वापरला तो मागे राहतो. आणि बाहेर आल्यावर हळू आवाजात म्हणाले, पुन्हा झटका आला तर मात्र सांगता येत नाही.

हाच शब्द का राहिला, याचं मला नवल वाटलं नाही. बाबांच्या खेळाचा सगळा जीव त्याच शब्दात होता.

या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. एक सांगणारा, चार-पाच खेळणारे, पाच कवड्या आणि वाटीत वीस चिंचोके. सांगणारा गोष्ट सुरू करतो. एक गाव आहे, तिथल्या विहिरीचं पाणी खारं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. गावात एक बाई बाळंत झाली आहे, तिला ताप आहे, आणि तिच्यासाठी सातपुड्याच्या पायथ्याच्या झऱ्यावरून गोड्या पाण्याची एक घागर आणायची आहे. खेळणाऱ्यांपैकी कोणी गाडीवान होतो, कोणी सुईण, कोणी मेंढपाळ, कोणी कुंभारीण, आणि जो जे झाला तसं त्यानं वागायचं. वीस चिंचोके म्हणजे भरलेली घागर.

बाबा रंगात येऊन सांगायचे आणि नेमके नको तिथे थांबायचे. "नाल्याले पूर हाये. गाडी पान्यात घातली तं बैल बुजतीन. इकडं दिवस बुडाले आला. मंग?" मग ज्यानं त्यानं सांगायचं, मी काय करतो. होण्यासारखं असेल तर बाबा होऊ द्यायचे. वेडगळ असेल तर हसायचे. आणि होईल की नाही असं असेल तर कवड्या टाकायला लावायचे. तीन उताण्या पडल्या की जमलं. नाहीतर ठेच लागली, घागर हिंदकळली, वाटीतला एक चिंचोका बाहेर. गावी पोचताना निदान दहा चिंचोके राहिले तर खेळ जिंकला. दहाच का, हे आम्ही कधी विचारलं नाही.

रविवारी दुपारी जिनाचा भोंगा गप्प असायचा, तेव्हा लाईनीतली सगळी पोरं आमच्या दारातल्या निंबाखाली जमायची. मोठी माणसंही यायची, पाणी प्यायला आल्यासारखं करून बसायची. कुंभारीण व्हायला पुरुष भांडायचे.

आता त्या सातव्या नियमाकडे येते. वाटेत तहानलेली माणसं भेटायची. बोरीखाली बसलेली म्हातारी, मेंढ्या हरवलेला मेंढपाळ, कधी जीभ काढून बसलेलं कुत्रंसुद्धा. ती पाणी मागायची. द्यायचं की नाही, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. मी दहा वर्षांची असताना शेजारच्या एका मुलीनं म्हातारीला पाणी पाजलं आणि माझ्या लक्षात आलं की बाबांनी चिंचोका काढला नाही. मी पुढच्या डावात पाहिलं, पुन्हा नाही काढला. म्हणजे देणं फुकट! एवढं गुपित हाती लागल्यावर मी कशाला थांबते? पुढच्या रविवारी मी सुईण झाले आणि दिसेल त्याला पाणी वाटत सुटले. म्हातारीला दिलं, मेंढपाळाला दिलं, कुत्र्याला दिलं, झाडावरच्या कावळ्याला हाक मारून दिलं. आयजीच्या जिवावर बायजी उदार. आणि बाबांनी प्रत्येक वेळी एक चिंचोका काढला. शेवटी वाटीत सात राहिले. मी हरले.

"लबाडी!" मी ओरडले. "तिचा नाई काढला, माहाच काऊन काढता?" आणि वाटीला लाथ मारली. सात चिंचोके मातीत गेले. बाबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. एकेक चिंचोका वेचत म्हणाले, "मोठी झाली का समजन तुले."

मोठी झाले, मॅट्रिक झाले, मास्तरीण झाले. समजलं नव्हतंच.

खेळ छापायची कल्पना छापखान्याच्या मालकांची. शाळेच्या प्रश्नपत्रिका तेच छापत, आणि तपासायला मी त्यांच्याकडे जात असे. शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला मी पोरांना हा खेळ सांगायची, ते त्यांनी एकदा खिडकीतून ऐकलं. पोरं सुटी झाली तरी उठेनात, हे त्यांनी पाहिलं. गृहस्थ मूळचे जिल्ह्याच्या दक्षिणेकडचे, जालन्याच्या हद्दीलगतच्या गावचे. "बाई," ते म्हणाले, "ह्येची लहान वही करू. दिवाळीच्या सुटीत लेकरांना लई चालंल. पण नियम पायजेत बरं का. नियम नसलेला खेळ म्हंजी नुसत्या गप्पा."

मी हो म्हणाले ते वेगळ्याच कारणानं. बाबा माझ्या पहिलीच्या पुस्तकावरून माझ्याबरोबर अक्षरं शिकले होते. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा ते सपाट करून वाचत. एकदा कुणीतरी त्यांना खेळावरून हटकलं होतं, मोठा माणूस होऊन पोरांत काय बसता म्हणून. तेव्हा ते मला म्हणाले होते, "हे कोनी छापलं पाह्यजे. छापलेल्या गोष्टीले कोनी दटावत नाई." आता ते स्वतः खेळ सांगू शकत नव्हते. पुन्हा झटका येण्याआधी ती छापील वही त्यांच्या डाव्या हातात ठेवायची, एवढंच माझ्या मनात होतं. पण त्यांचा खेळ म्हणून दुसराच कुठला खेळ त्यांच्या हातात ठेवला तर ते फसवणं झालं असतं, आणि विचारायला गेलं तर उत्तर एकच यायचं.

कच्चं लिखाण मी आधी हेडमास्तरांना दाखवलं. ते पुण्याकडचे, मनानं चांगले, आणि गणितातले. त्यांनी पहिल्यांदा लाल शाईनं सगळीकडच्या "मंग"वरचा अनुस्वार खोडला.

"मग," ते म्हणाले. "मंग हा शब्द नाही."

"आमच्याकडे आहे, सर."

"बोलण्यात असेल. पुस्तकात नको."

मी त्यांच्यासमोरच पेन्सिलीनं पहिल्या "मग"वर टिंब ठेवलं.  ते चष्मा पुसून सातव्या नियमाकडे वळले. तिथे मी जागा मोकळी सोडली होती. हकिकत ऐकून म्हणाले, "यात अडचण काय आहे? घागरीत वीस भाग पाणी. एक भाग दिलं, एकोणीस उरलं. दिलं म्हणजे वजा. कुणी दिलं याच्याशी वजाबाकीला काय करायचंय?" खरं सांगते, मला ते पटलं. दहा वर्षांच्या मुलीला तरी एवढा न्याय मिळाला असता.

छापखान्याच्या मालकांना ते मुळीच पटलं नाही. "दान केलं आन् वरून नुकसान? बाई, आईबाप असली वही इकत घेत नसतेत. उलटं करा. पाणी पाजलं की दोन चिंचोके जास्तीचे. पुण्य लागतंय त्याला!" आणि त्यांना मुळात चिंचोकेच नको होते. शंभर घरांचा पट छापावा, फासा टाकावा, म्हातारीच्या घरात पडला की दोन घरं पुढे, असं त्यांच्या डोक्यात होतं. सांगणारा माणूस कशाला पाहिजे? सांगणारा घराघरात कुठून आणणार? हा प्रश्न मात्र वाजवी होता. मला त्याचं उत्तर देता आलं नाही, म्हणून मी त्यांच्याशी कवड्यांवरून भांडले. कारण त्यांच्या भागात म्हणे पालथ्या कवड्या मोजतात. आमच्याकडे उताण्या. अर्धा तास आम्ही दोघं एकमेकांना खोटं पाडत राहिलो, आणि छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा जुळारी हात थांबवून ऐकत राहिला. शेवटी तोच म्हणाला, "मालक, पाचातल्या तीन उताण्या पडल्या का दोन पालथ्या पडतातच. कोनतंबी एक लिहा ना."

म्हणजे माझ्यापुढे तीन खेळ होते. हेडमास्तरांचा, ज्यात दिलेलं पाणी वजा होतं. मालकांचा, ज्यात ते दुप्पट होऊन परत येतं. आणि बाबांचा, ज्यात कधी मोजतात, कधी मोजत नाहीत, आणि का ते देव जाणे. देव म्हणायची सवय अजून गेली नव्हती.

मी ठरवलं, बाबांना वाचून दाखवावं. एका रविवारी दुपारी त्यांना भिंतीला टेकवून बसवलं, पुढ्यात कवड्या आणि चिंचोक्यांची वाटी ठेवली. सहा नियम वाचले. प्रत्येक नियमानंतर ते मान हलवायचे आणि म्हणायचे, "मंग." खाली उतरत्या आवाजात. तो "हो" होता, एव्हाना मला त्यांच्या आवाजाचे चढउतार कळायला लागले होते. मग मी हेडमास्तरांचा सातवा नियम वाचला: दिलेल्या पाण्याबद्दल एक चिंचोका कमी करावा.

त्यांनी डोळे मिटून घेतले. 

मी मालकांचा नियम वाचला: पाणी दिल्यास दोन चिंचोके अधिक मिळतील. बाबांनी डोळे उघडले आणि डाव्या हातानं कवड्या अशा उडवल्या की एक मोरीत जाऊन पडली. "मंग!" ते ओरडले. "मंग! मंग!" तोंड वेडंवाकडं झालं होतं, डोळ्यांत पाणी होतं. ते संतापले होते, पुढे काही सांगायचा जीव तोडून प्रयत्न करत होते, आणि प्रत्येक वेळी तोच एक शब्द बाहेर येत होता.

आणि मीही ओरडले. कसं ओरडले याची आज लाज वाटते. "मंग मंग काय करता? सांगा ना एकदा! माहाच चिंचोका काऊन काढला होता?" अर्धांगानं पडलेल्या माणसावर मी चौदा वर्षांपूर्वीचा राग काढत होते.  मी वही फेकली आणि मागच्या दारी जाऊन बसले.

माय मोरीतून कवडी धुऊन घेऊन आली आणि माझ्याशेजारी बसली. माय फार बोलणारी नव्हती. कवडी पदराला पुसत म्हणाली, "तुले त्या खेयातली बायतीन कोन हाये मालूम हाये का?"

"गोष्टीतली बाई आहे. कोण असणार?"

"मी हाये," माय म्हणाली.

मग तिनं सांगितलं. आमचं मूळ गाव वरवट बकालच्या पलीकडे. गावाचं पाणी खारं, पण एक विहीर गोडी होती. तिच्यावर आम्हाला चढायची परवानगी नव्हती. घागर विहिरीच्या ओट्याखाली ठेवायची, दूर उभं राहायचं. कुणी आलं, कुणाला वाटलं, तर तो वरून ओतणार. घराला दिवसाला दोन घागरी. "तिसरी ठेवली का वरतून आवाज ये, झाल्या तुमच्या." माझ्या जन्माच्या वेळी मायला ताप भरला, आणि त्या दिवसाच्या दोन्ही घागरी केव्हाच संपल्या होत्या. खाऱ्या पाण्याचा घोट पोटात ठरेना. बाबा सकाळपासून विहिरीखाली तिसरी घागर घेऊन बसले. दुपार झाली. येणारे मोजत होते, बाबांच्या दोन झाल्या हे सगळ्यांच्या ध्यानात होतं. दुपारी ते उठले आणि घागर खांद्यावर घेऊन सातपुड्याकडे चालू लागले. परत आले ते दुसऱ्या दिवशी.

"भरून आणली?" मी विचारलं.

"कायची भरून! अर्धी होती. मी म्हनलं, सांडली का? तं म्हने, नाई सांडली. रस्त्यात लोकं तहानेचे होते. म्हनलं, कितीक जनाले पाजलं? म्हने, म्या नाई मोजलं." माय थोडी हसली. "तापानं मराले टेकली होती, तरी मले राग आला होता. अर्ध्या घागरीत माहं भागलं. तुही पयली आंघोय त्याच पान्याची हाये."

दहाच चिंचोके का, ते मला तेव्हा कळलं.

माय उठता उठता म्हणाली, "त्याईले आयुष्यभर मोजून पानी भेटलं वं. मोजून देनारा माणूस त्याईले दुरून दिसते. तू त्या दिवशी कावयाले पानी पाजलं तवा वाटीतले चिंचोके मोजून राह्यली होती. मीबी पाह्यलं होतं."

मी तिथेच बसून रडले. बाबांवर ओरडले होते म्हणून, त्या तिसऱ्या घागरीसाठी, आणि दहा वर्षांची असताना मी खरोखरच मोजत होते म्हणून. चौदा वर्षं मी ज्याला लबाडी म्हणत होते ती माझी होती.

सातवा नियम मी मागच्या दारीच लिहिला, गुडघ्यावर वही ठेवून. तो असा: "वाटेत कोणी पाणी मागितले आणि खेळणाऱ्याने दिले, तर सांगणाऱ्याने वाटीकडे पाहू नये, देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहावे. मोजून दिले असेल तर एक चिंचोका काढावा. न मोजता दिले असेल तर काढू नये."

आणि त्याखाली, मालकांच्या शंकेला उत्तर म्हणून: "सांगणारा घरात नसेल तर कोणीही व्हावे. त्याला फक्त मंग म्हणता आले पाहिजे."

मालकांनी तो वाचला तेव्हा कपाळाला हात लावला. "तोंडाकडं पाहून नियम? बाई, ह्यो काय नियम झाला?" मी म्हटलं, पट काढायचा असेल तर दुसरा खेळ शोधा, हा असाच छापला जाईल. पालथ्या घड्यावर पाणी, असं ते पुटपुटले, पण छापला. "मंग"वरचं टिंबही सगळीकडे राहिलं. ते जुळाऱ्यानं एकही न गाळता लावलं होतं. चुकल्या त्या फक्त कवड्या. तिसऱ्या नियमात, "तीन उताण्या पडल्या तर जमले" याच्या जागी "तीन पालथ्या" असं छापून आलं. चूक की मालकांचा सूड, हे आजतागायत कळलेलं नाही. पहिली प्रत वेळेत बाबांच्या डाव्या हातात पडली. वही काही फार खपली नाही. पण पुढे कितीतरी वर्षांनी एका अनोळखी घरी मी पोरांना निंबाखाली बसून पालथ्या कवड्या मोजताना पाहिलं, आणि त्यांना दुरुस्त केलं नाही.

हे सगळं नंतरचं. त्या रविवारी मी सातवा नियम लिहून आत आले तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून होते. मी त्यांच्यापुढे बसले. "बाबा, चुकलं माहं," म्हटलं, आणि नियम वाचला. सावकाश, दोनदा. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी "मंग"ची वाट पाहत होते, वर जाणारा की खाली येणारा.  तो शब्द आला नाही. फक्त डावा हात माझ्या डोक्यावर आला आणि तिथेच राहिला.

मला एकदम सुचलं, या माणसानं हा खेळ जन्मभर सांगितला, पण खेळला एकदाही नाही. त्यांना कुणी कधी "मंग?" विचारलंच नव्हतं.

"आता तुमी खेयाचं," मी म्हणाले. "मी सांगते."

वाटीत वीस चिंचोके भरले. माय चुलीपासून उठून दारात येऊन बसली. मी नाल्यापासून सुरुवात केली. त्यांनी डाव्या हातानं कवड्या टाकल्या, दोन उताण्या पडल्या, एक चिंचोका गेला. काटेरी वाट आली, तिथेही एक गेला. बोरीखालची म्हातारी मी मुद्दाम आणली नाही. थेट गावाच्या शिवेवर आले. तिथून पुढची गोष्ट बाबांनी कधी सांगितली नव्हती. ती मी माझी सांगितली.

"घागर घेऊन तुमी गावात आले. तुमची बायतीन घरी वाट पाहून राह्यली. रस्त्यात गोडी वीर हाये. विरीच्या खाली एक जवान मानूस बसला हाये, सकायपासून. त्याच्या म्होरं रिकामी घागर. वरतून लोकं म्हनून राह्यले, झाल्या तुमच्या दोन. तो कोनाले काई बोलत नाई. तुमच्या घागरीकडं पाह्यते फक्त." मी बाबांसारखीच नेमकी तिथे थांबले. "मंग?"

 बाबांनी डाव्या हातानं वाटी उचलली.  त्यांनी ती माझ्या ओंजळीत पूर्ण पालथी केली. अठराच्या अठरा चिंचोके. वाटीत एकही ठेवला नाही. दारात मायनं तोंडाला पदर लावला.

मी माझ्याच नियमाप्रमाणे ओंजळीकडे पाहिलं नाही, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. वाकडं झालेलं, एका बाजूनं ओघळलेलं तोंड, आणि ते हसत होतं. मोजण्याचं तिथे काही नव्हतं.

मी सगळे चिंचोके परत त्यांच्या वाटीत ठेवले आणि म्हणाले, "घागर भरलेलीच हाये, बाबा. चला घरी."